यमूला अजून ठाऊक नाही

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ध्वनिमुद्रित करायचं ठरलं, तेव्हा ग्रंथालयातल्या सगळ्यांच्या तोंडी एकाच मुलीचं नाव आलं. ती नाटकात काम करायची. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका तिने गाजवल्या होत्या. तिचा आवाज भरीव होता, पट्टी मोठी होती, आणि एका वाक्यात गळा दाटून आणणं तिला सहज जमायचं. कादंबरी एका बालविधवेची आत्मकथा आहे, तेव्हा याहून योग्य आवाज कुठे मिळणार, असं सगळ्यांना वाटलं.

अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारं पुण्यातलं ते छोटं ग्रंथालय. दोनच खोल्या, आणि त्यातल्या एकीत लाकडी फळ्या नि फोम लावून केलेली ध्वनिमुद्रणाची केबिन. वाचणारे सगळे बिनपगारी. केबिनचे नियम मात्र कडक. पंखा बंद. बांगड्या, घड्याळ बाहेर काढून ठेवायचं. ओढणी सुती, कारण रेशमाची सळसळ माइक लगेच टिपतो. उपाशी बसायचं नाही, पोटातली गुडगुडसुद्धा पुस्तकात जाते. शेजारच्या इमारतीत कुकरची शिट्टी झाली की थांबायचं आणि ते वाक्य पुन्हा घ्यायचं. मुलीने हे सगळं आनंदाने पाळलं. उन्हाळ्याचे दिवस होते. घामाने डबडबून ती बाहेर यायची, घोटभर कोमट पाणी प्यायची आणि पुन्हा आत जायची. बघता बघता पहिली दहा प्रकरणं झाली. ध्वनिमुद्रण करणारे काका काचेपलीकडे डोळे पुसत बसायचे.

कुठलंही ध्वनिमुद्रण वाचकांकडे जाण्याआधी माईंनी ऐकायचं, अशी तिथली रीत होती. माई अंध मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. फोनमधला यांत्रिक आवाज त्या इतक्या वेगाने ऐकायच्या की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळू नये. माणसाने वाचलेलं पुस्तक मात्र त्या साध्या गतीनेच ऐकत.

चार दिवसांनी त्यांनी मुलीला बोलावलं.

“आवाज फार सुरेख आहे तुझा. उच्चार स्वच्छ, एकही जोडाक्षर खाल्लेलं नाहीस. पण मी चौथ्या प्रकरणात थांबले.”

“का माई? काही चुकलं?”

“यमू विधवा होणार, हे मला पहिल्याच पानावर कळलं.”

मुलगी गोंधळली. “अहो, पण ते तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. शंभर वर्षांहून जुनी कादंबरी आहे.”

“सगळ्यांना नाही गं. आपल्याकडे सतरा-अठरा वर्षांच्या मुली पुस्तकं न्यायला येतात. त्यांनी यमूचं नावही ऐकलेलं नाही. आणि यमूला तरी कुठे ठाऊक आहे अजून? ती दादाशी भांडतेय, दुर्गीबरोबर खेळतेय. तू मात्र पहिल्या ओळीपासून तिच्यासाठी रडते आहेस.”

माईंचं म्हणणं उगीच नव्हतं. हरिभाऊंनी ही कादंबरी १८९० साली सुरू केलेल्या आपल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः छापली, आणि ती पुरी व्हायला १८९३ उजाडलं. पहिल्या वाचकांना यमू आठवड्याआठवड्याने भेटत गेली. एकाने मोठ्याने वाचायचं आणि घरातल्या बायकामुलांनी ऐकायचं, ही रीत तेव्हा पुष्कळ घरांत होती. ऐकणाऱ्या बायकांना पुढच्या अंकात काय होणार ते ठाऊक नव्हतं. यमूचं लग्न झालं तेव्हा त्यांना आनंदही झाला असेल. पुढचा घाव इतका खोल गेला तो त्या आनंदामुळे.

वाचणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असण्याची ही अडचण बोलक्या पुस्तकांइतकीच जुनी आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना ब्रेल शिकणं जड जायचं. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून ब्रिटनमध्ये १९३५ साली तबकड्यांवरची बोलकी पुस्तकं सुरू झाली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम २५ मिनिटांचं वाचन मावायचं. अगदी पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ होती. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना कळेल, वाचणाऱ्याची ती केवढी परीक्षा असणार. वाचणारा शेवट जाणतो, आणि आवाजात एक कंप चुकीच्या जागी आला तर सगळं रहस्य जमीनदोस्त. छापील पानाला ही भीती नसते.

पण मुलगी हुशार होती. ती मान खाली घालून निघून गेली नाही. दोन दिवस तिने विचार केला आणि परत आली.

“माई, एक विचारू? ही गोष्ट सांगतंय कोण? यमूच ना? आणि कधी सांगतेय? सगळं भोगून झाल्यावर. नवरा गेला, केशवपन झालं, त्यानंतर ती मागे वळून पाहतेय. मग सांगणाऱ्या यमूला शेवट ठाऊकच आहे. तिच्या आवाजात तो पहिल्या ओळीपासून का नसावा?”

माई गप्प राहिल्या. मला विचाराल तर मुलीचा मुद्दा वजनदार होता. प्रथमपुरुषी कादंबरी मोठ्याने वाचणाऱ्या प्रत्येकासमोर हा पेच उभा राहतो. लहानग्या यमूचा आवाज द्यायचा की ती आठवण सांगणाऱ्या बाईचा? बालिश आवाज काढावा तर ते सोंग वाटतं. बाईचा आवाज द्यावा तर बालपण हरवतं.

“हे खरं आहे गं,” माई अखेर म्हणाल्या. “याचं उत्तर माझ्यापाशी लगेच नाही.”

“मग मी सपाट वाचू का? काहीच भाव न घालता? तसंच असेल तर यंत्राकडूनच वाचून घ्या. तुम्ही नाहीतरी वर्तमानपत्र त्याच्याकडूनच ऐकता.”

हे ती थोडं रागाने बोलली. माईंना राग आला नाही.

“ऐकते ना. आमच्यातले पुष्कळ जण तर सगळंच यंत्राकडून ऐकतात, आणि त्यामागे कारण आहे. यंत्राला मत नसतं. ते मला सांगत नाही की आता रड, आता चीड. अभ्यासाचं पुस्तक, बातमी, कायदा, यांना ते उत्तम. पण यमू कुठे हसली ते यंत्राला कळत नाही. ‘काय गं’ हे लाडाने म्हटलंय की दरडावून, तेही नाही. तिथे माणूस लागतो. तुझ्याकडून मला सपाट नको आहे.”

त्या दिवशी ध्वनिमुद्रण झालं नाही. वीज गेली होती. केबिनबाहेरच्या बाकावर दोघी बसून राहिल्या, आणि बोलता बोलता मुलीने विचारलं, “माई, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“वाईची मी.” आणि माई सांगू लागल्या. कृष्णेच्या घाटावर त्या आणि त्यांचा मोठा भाऊ सकाळ-संध्याकाळ उंडारायचे. भावाला मुंजीत तांबडी, जरीची टोपी मिळाली होती. ती घालून तो इतका मिरवायचा की एक दिवस माईंनी मागून टपली मारली आणि टोपी थेट नदीत. पाण्यावर ती होडीसारखी डुलत चालली. भाऊ रडायच्या बेताला आलेला. माईंनी परकर खोचला आणि धाडकन पाण्यात उडी. पोहायला येत होतं अर्धंमुर्धं. टोपी सापडली, पण तिचा रंग उतरून माईंचा पांढरा झंपर गुलाबी झाला. घरी गेल्यावर आईने पहिल्यांदा भावाला बदडलं, कारण टोपी त्याची. मग माईंना, कारण झंपर त्यांचा. मग दोघांना मिळून पुन्हा एकदा, कारण नदी. “आणि आजी मधे पडली तर तिलाही एक धपाटा बसला हो!” असं म्हणून माई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तो गुलाबी रंग कसा होता, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. सगळा नाही, नुसता गळ्यापाशी आणि खांद्यावर, फिकट, सायलीच्या देठासारखा.

ऐकता ऐकता मुलीचे डोळे भरून आले. माईंना नवव्या वर्षी देवी आल्या आणि त्यात दृष्टी गेली, हे ग्रंथालयातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. माईंनी त्यातलं अक्षरही काढलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मुलगी म्हणाली, “माई, ही गोष्ट सांगताना तुम्हाला पुढचं सगळं ठाऊक होतं.”

“म्हणजे?”

“पुढे काय झालं ते. तरीही तुम्ही हसत सांगितलंत. तुम्ही त्या वेळी त्या घाटावरच होता. रडू मला आलं. तुम्हाला नाही.”

माईंनी तिच्या दिशेने चेहरा वळवला. मग चाचपडत तिचा हात शोधला आणि म्हणाल्या, “चल, वीज आली की पहिल्यापासून घेऊ.”

पहिली दहा प्रकरणं मुलीने पुन्हा वाचली. लहान मुलीचा आवाज काढला नाही. आवाज मोठ्या बाईचाच ठेवला, पण बालपण आठवून खुलणाऱ्या बाईचा. दादाशी झालेल्या भांडणात तिला खरंच हसू आलं. काकांनी ते कापायला माउस पुढे नेला तर माई म्हणाल्या, “राहू दे. यमूचंच आहे ते.”

पुढे शंकरमामंजी आले. कादंबरीतला हा माणूस ढोंगी आणि दुष्ट. मुलीने त्याला घोगरा, घशातून येणारा, नाटकातल्या खलनायकाचा आवाज दिला. या वेळी माईंनी बोलायच्या आतच तिने स्वतः थांबून विचारलं, “असा माणूस बोलला तर घरातले त्याचं ऐकतील का हो?”

“तूच सांग.”

“नाही ऐकणार. पहिल्याच दिवशी ओळखतील. त्याचा दरारा आहे, कारण तो धर्माचं बोलतो आणि ते खरं वाटतं.”

मग तिने त्याला शांत, वजनदार, थोडा मायाळूसुद्धा आवाज दिला, घरातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाचा असावा तसा. काका म्हणाले, “आता मला याची भीती वाटायला लागली.” आधीच्या आवाजाची त्यांना कधी भीती वाटली नव्हती.

केशवपनाचं प्रकरण आलं त्या दिवशी तिने कुणाला आत येऊ दिलं नाही. ग्रंथालयात आजवर सगळ्यांना वाटत होतं की तिचा गळा इथे कामी येणार. तिने गळा वापरला नाही. वेग किंचित कमी केला, बस. शब्द जसे लिहिले आहेत तसे, एकापुढे एक. एका ठिकाणी तिचा श्वास अर्ध्यात अडला आणि मग वाक्य पुरं झालं. एरवी असे श्वास काका नेमाने काढून टाकतात. मोठ्या कंपन्यांत तर त्यासाठी संगणकावर वेगळी सोयच असते. या श्वासाला त्यांनी हात लावला नाही.

पहिली प्रत नेली ती अठरा वर्षांच्या एका मुलीने. आठवड्याने तिचा माईंना फोन आला. यमूवर ती एक शब्द बोलली नाही. तिने फक्त विचारलं, “माई, त्या घरातल्या बाकीच्या बायका गप्प का बसल्या?” त्यावर दोघींचं तासभर बोलणं झालं. वाचणारीच्या आवाजाचा विषय त्या तासात एकदाही निघाला नाही. माईंनी हे मुद्दाम वाचणाऱ्या मुलीला कळवलं. तिला हे कौतुकच आहे हे समजलं.

आता हे सांगायचं कारण. फोनवर मराठी पुस्तकं ऐकणारे गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढले आहेत. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर बसून लोक ऐकतात. त्यांतल्या पुष्कळांना आपला लेखक आधी कुणाच्या तरी आवाजातच भेटणार आहे, छापील पानावर कदाचित कधीच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याची जबाबदारी आज हरिभाऊंच्या काळापेक्षा मोठी आहे, असं मला मनापासून वाटतं. अंध वाचकांच्या ग्रंथालयांना तर वाचणारे नेहमीच कमी पडतात. तुमच्या गावात असं ग्रंथालय असेल तर एकदा जाऊन विचारा. गळा गोड नसला तरी चालतो. उच्चार स्वच्छ हवेत, आठवड्यातून दोन तास हवेत, आणि केबिनमध्ये बसण्याआधी पुस्तक एकदा शेवटपर्यंत वाचून झालेलं हवं.