बर्फाळ समुद्रातली प्रार्थना

क्षीरसागरी पहुडणाऱ्या नारायणा, तुझा हा दक्षिणेचा सागरही पांढराच आहे. पोर्ट लुईस सोडून, चाळीस-पन्नास अक्षांशांवरचे पिसाट वारे सोसून आमचं संशोधन जहाज प्रिड्झ उपसागराबाहेर पोहोचलं आहे. उणे १.८ अंशांवर गोठणाऱ्या खाऱ्या पाण्यावर घावनांसारख्या बर्फाच्या चकत्या पसरल्या आहेत. १९८१च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या ‘पोलर सर्कल’वरच्या २१ जणांना तू अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लावलंस, आमच्याही पाठीशी उभा राहा.

इथली तुझी करणी आम्हाला थोडीफार उमगू लागली आहे. हिवाळ्यात खंडावरून उतरणारा वारा किनाऱ्यालगतचा बर्फ दूर लोटतो. उघड्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरतो, आणि त्याने बाहेर टाकलेल्या मिठाने जड झालेलं पाणी केप डार्न्लीजवळून तळ गाठतं. जाताना प्राणवायू घेऊन जातं, आणि हिंदी महासागराच्या तळाने उत्तरेकडे सरकत राहतं. ऊन कधीच पोहोचत नाही तिथल्या जिवांच्या श्वासाचीही तू सोय केलीस. तुला नमस्कार.

आज तीन हजार मीटरवरून पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या वर येतील. वायरवरचा ताण विंच चालवणाऱ्याला वेळीच कळू दे. गोठलेल्या डेकवर कुणाचा पाय घसरू देऊ नको. प्राणवायूचा नमुना सगळ्यांत आधी काढायचा असतो. बोटं बधिर असली तरी त्या काचेच्या बाटलीत हवेचा एक बुडबुडाही शिरू देऊ नको.

रडारलाही चुकणारा, पाण्यासरसा तरंगणारा बर्फ ब्रिजवरच्या पहारेकऱ्याच्या नजरेला पडू दे. इंजिनरूममध्ये घामाघूम होणाऱ्यांना आणि हेलकाव्यात उकळतं पातेलं सांभाळणाऱ्या आचाऱ्याला जप. ते तुला दुसऱ्या नावाने हाक मारतात, पण ओ तूच देतोस. येत्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावरच्या आपल्या ‘भारती’ केंद्रावर सूर्याविना आठवडे काढणाऱ्यांना एकमेकांचे स्वभाव सोसण्याचं बळ दे.

आमचं तेल, प्लास्टिक, खरकटं यातलं काही इथे मागे राहू नये एवढी शिस्त दे. बर्फ दाटला आणि कप्तानाने माघार घ्यायचं ठरवलं, तर नमुने राहिले म्हणून त्याच्यावर रुसण्याची बुद्धी देऊ नको. आणि आकडा आमच्या अंदाजाशी जुळला नाही, तर तो पुन्हा तपासण्याचा कंटाळा नको, नि तपासूनही तोच निघाला तर खोडण्याचा मोह नको.