उपासाची डबल एंट्री

उपास म्हटला की आपल्या मराठी घरात पहिली चौकशी होते ती साबुदाण्याची. दाण्याचं कूट आहे ना, बटाटे उकडलेत ना, रताळी मिळाली तर बघा! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कुणा परक्यानं आपल्यावर लादलेली नाही. ती आपल्याच स्वयंपाकघरात, तुपाजिऱ्याच्या फोडणीत तयार झाली. म्हणून दुसऱ्या धर्माच्या उपासाबद्दल बोलताना मी आवाज जरा खालीच ठेवतो.

आमच्या शाखेत शेजारच्या काउंटरवर बसणारे गृहस्थ वसईचे, कॅथलिक. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एका बुधवारी ते कपाळावर राख लावून येतात आणि त्यांचा उपासकाळ सुरू होतो. दिवस चाळीस. पण आम्ही पडलो बी.कॉम. कॅलेंडरवर बोट ठेवून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले, तर भरले 46.

"सहा दिवस जास्त होतात की हो!"

"मधले सहा रविवार धरायचे नाहीत," ते म्हणाले.

रविवारची सुट्टी वरच्या दरबारातही मंजूर आहे, हे ऐकून बँकेतल्या माणसाला जो दिलासा मिळतो, तो इतरांना कळायचा नाही.

या उपासाची तयारीही ठिकठिकाणी मोठी प्रेक्षणीय असते. गोव्यात आधी कार्निव्हलची धमाल. इंग्लंडात आदल्या मंगळवारी घरातली अंडी आणि लोणी संपवायची म्हणून पॅनकेक. म्हणजे उपासाची तयारी पोटभर खाऊन करायची, ही रीत सर्वधर्मीय दिसते! प्रत्यक्ष नियम फार कडक नाहीत. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस, 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसानं एकदाच पूर्ण जेवायचं. बाकी दोनदा थोडंसं. मात्र ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. मांस वर्ज्य, मासे चालतात. आता वसईच्या माणसाला पापलेटावर प्रायश्चित्त करायला सांगणं म्हणजे सोलापूरकराला शिक्षा म्हणून शेंगदाण्याची चटणी वाढण्यापैकीच झालं.

आमच्या शेजाऱ्यांची तयारी मात्र वेगळी. आठवडाभर आधी ते डॉक्टरांना विचारून येतात. मग रोज एक चहा कमी करतात. का, तर एकदम सोडला की डोकं दुखतं आणि त्याचा राग पासबुक घेऊन आलेल्या म्हाताऱ्यावर निघतो. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्याशी आधी बोलून घेतात. "पोट रिकामं आणि डोक्यात राग भरलेला, असा उपास काय कामाचा?" हे त्यांचं म्हणणं.

एक शंका मला फार दिवस होती. त्या बुधवारी चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, त्यात येशू सांगतो की उपास करताना तोंड उतरवून हिंडू नका, चेहरा धुवा, लोकांना कळू देऊ नका. आणि हे ऐकून माणसं कपाळावर राख घेऊन बाहेर पडतात! मी विचारलंच.

"राख उपास दाखवायला नाही हो," ते म्हणाले. "आपण माती आहोत, हे लक्षात राहावं म्हणून."

पण माझ्यातल्या वाणिज्य पदवीधराला खरा आनंद झाला तो 'हर्मासचा मेंढपाळ' या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती पुस्तकाबद्दल वाचून. त्यात उपासाची रीतच दिली आहे: त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यावं, जे जेवण घेतलं असतं त्याची किंमत काढावी, आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. ही तर चोख डबल एंट्री! आपल्या ताटातून जे वजा झालं ते कुणाच्या तरी ताटात जमा झालंच पाहिजे. नाहीतर तो उपास नाही, नुसतं पथ्य. फार तर किराणा बिलातली बचत.

इथवर हिशेब सोपा. पुढे अवघड.

आमच्या शाखेत झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत, कंत्राटावरच्या. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीच्या कॉलेजची फी थोडी कमी पडत होती. ईस्टरच्या सुमारास ती कुणीतरी परस्पर भरली. मावशींनी आम्हा एकेकाला विचारलं, "साहेब, कुणी भरली असंल हो?" मला दाट संशय होता. मी शेजारी वळून हळूच म्हटलं, "तुम्हीच ना?"

"हे मशीन आज नोटा नीट मोजत नाहीये," ते म्हणाले आणि हातानं मोजू लागले.

मावशींना सांगावं की नाही? आभार मानायचा हक्क त्यांचा नाही का? मी बरेच दिवस विचार केला. मग वाचनात आलं की देखाव्यानं उपास करणाऱ्यांना 'त्यांचं फळ मिळून चुकलं' असं जे मत्तय म्हणतो, तिथला मूळ ग्रीक शब्द त्या काळच्या पावत्यांवरचा आहे: 'रक्कम पूर्ण पावली'. म्हणजे कौतुक घेतलं की खातं तिथंच बंद!

आणि ते फक्त देणाऱ्याचंच नव्हे. मावशी आज सगळ्यांची टेबलं सारख्याच जोरानं पुसतात, आणि फायली पसरलेल्या दिसल्या तर सगळ्यांना सारखंच रागावतात. शेजाऱ्यांना तर कांकणभर जास्तच. नाव कळलं असतं तर त्या एका टेबलापाशी त्यांचा आवाज खाली आला असता, आणि ते टेबल रोज दोनदा पुसलं गेलं असतं. फीचे पैसे त्यांनी असे हप्त्याहप्त्यानं फेडले असते. देणगीचं कर्ज व्हायला वेळ लागत नाही, हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको.

म्हणून मी गप्प आहे. भूक काही काळानं भागते. आपण उपाशी राहिलो हे कुणालातरी सांगायची भूक मात्र चाळीस दिवसांतही जात नाही, आणि खरा उपास बहुधा तिचाच असावा.