देह घेतलेला देव

पाठ सरळ ठेवून बसा. दर रविवारी मिस्सेत आपण उभे राहून आपल्या विश्वासाचा अंगीकार करतो. ३२५ साली निकिया आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभांनी घडवलेले ते शब्द एरवी भराभर म्हणून होतात. आज त्यांतून सावकाश जाऊ या.

पिता सर्व दृश्य-अदृश्य सृष्टीचा निर्माता आहे. आत्ता आत आलेला श्वास तुम्ही कमावलेला नाही. एवढेच मनात धरा.

मग देवाचा पुत्र पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने मरियेच्या उदरी मानव झाला, असे आपण म्हणतो आणि मान लववतो. नाताळला आणि २५ मार्चला, देवदूताने मरियेला निरोप दिल्याच्या सणाला, याच शब्दांवर गुडघे टेकतात. इथे थांबा. देवाला भूक लागली. चालून चालून तो थकला, नावेत झोपी गेला, लाजराच्या थडग्यापाशी रडला. कॅथलिक श्रद्धेचा गाभा मला इथेच सापडतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव आहे, हे गूढही माणसांपुढे उलगडले ते या देहधारी पुत्रामुळेच.

पुढे एका रोमन सुभेदाराचे नाव येते: पिलात. सन २६ ते ३६ या सुमारास तो यहुदियाचा कारभार पाहत होता. त्याचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात सापडला. तो संत नव्हता, शिष्यही नव्हता. तरी त्याचे नाव आपण घेतो, कारण येशूचे दुःख अमुक शहरात, अमुक अधिकाऱ्याच्या हुकमाने, खऱ्याखुऱ्या खिळ्यांनी घडले. आता तुमचे दुःखही तसेच समोर आणा. नुसता ‘त्रास’ म्हणू नका. ते कोणत्या घरात झाले, कोणामुळे झाले, ते मनातल्या मनात स्पष्ट म्हणा. ज्या प्रार्थनेत पिलाताच्या नावाला जागा आहे, तिथे त्या माणसाच्या नावालाही आहे. क्रुसावरच्या ख्रिस्तापुढे ते ठेवा आणि काही वेळ काहीच मागू नका.

तिसऱ्या दिवशी येशू उठला. शिष्यांना त्याने हातपाय दाखवले, त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. तोच ख्रिस्त वेदीवरच्या भाकरीच्या रूपात खरोखर हजर असतो, आणि ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे शब्द ऐकून आपण ‘आमेन’ म्हणतो तेव्हा या साऱ्याला होकार देतो.

या होकारात आपण एकटे नसतो. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले. ते आज आपल्यासाठी प्रार्थना करतात आणि २ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावून आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतो. जिवंत आणि मृत यांची ही संगत मरणाने तुटत नाही. शिवाय आपण केवळ आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही. देहही उठेल, असे मानतो. तुम्हाला भरवणारे, कपाळावर क्रुसाची खूण करणारे आजीचे ते हात आठवा. देवाला ते हातही हवे आहेत.

जिच्यासाठी बऱ्याच दिवसांत कोणी मिस्सा अर्पण केलेली नाही, अशा एका मृत व्यक्तीचे नाव आता घ्या आणि तिच्यासाठी प्रार्थना करा.