नामकर्म, मोहनीय कर्म आणि टाळूची कमान

शरीराची घडण माणसाच्या वृत्तीची साक्ष देते काय, हा प्रश्न धर्मविचारात जुनाच आहे; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वैद्यकाने मोजपट्टी हाती घेऊन पुन्हा विचारला. 1968 मध्ये वॉल्ड्रॉप, पेडरसन आणि बेल या अमेरिकी संशोधकांनी ‘किरकोळ शारीरिक विसंगती’ मोजण्याची पद्धत मांडली. डोक्याचा घेर सरासरीहून बराच कमी वा जास्त असणे, कान खाली बसलेले असणे, जिभेवर खोल चिरा असणे, तळहातावर एकच आडवी रेषा असणे, तोंडाचे छत म्हणजे टाळू उंच व निमुळती असणे, अशा एकेकट्या निरुपद्रवी खुणांचा त्या यादीत समावेश होता. (हस्तरेषा पाहून एखादा ज्योतिषी सुखावेल, पण ही रेषा सांगते ते भविष्य नव्हे, भूतकाळ.) या खुणा बहुतांशी गर्भावस्थेच्या पहिल्या काही महिन्यांत उमटतात आणि मेंदूची घडणही त्याच काळात चालू असल्याने, बाहेरची विसंगती आतल्या एखाद्या अडखळण्याची खूण असू शकते, असे यामागचे अनुमान आहे. मराठीत डोक्याच्या मऊ भागालाही टाळूच म्हणतात आणि तान्ह्या मुलाची टाळू तेलाने भरण्याची रीत आहे. कवटी आणि तोंडाचे छत हे या संशोधनातले दोन विषय भाषेने आधीच एका शब्दात बांधून ठेवले आहेत.

कॅनडातील माँट्रियल येथे आर्सेनो, ट्रॉम्बले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 170 किशोरांचा अभ्यास करून 2000 मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, विशेषतः तोंडाच्या विसंगती अधिक असलेल्या मुलांमध्ये पौगंडावस्थेतील हिंसक वर्तनाची शक्यता वाढलेली दिसते आणि कुटुंबातील हलाखीचा परिणाम वजा केल्यावरही हा संबंध उरतो. चोरीसारख्या अहिंसक गुन्ह्यांशी मात्र असा संबंध आढळला नाही. संशोधकांनी सुचवलेल्या स्पष्टीकरणांपैकी एक विशेष लक्ष देण्याजोगे आहे: टाळू नीट नसलेल्या मुलाला पहिल्या महिन्यांत दूध ओढणे कठीण जाऊ शकते. अंगावर घेतलेले मूल चार घोट ओढून थकते, रडते, पुन्हा तोंड लावते. टाळू दुभंगलेली असेल तर दूध नाकावाटे बाहेर येते, आणि मग आई बोंडले किंवा वाटी-चमचा घेऊन थेंब-थेंब पाजत रात्र काढते. या ओढाताणीत आई आणि मूल यांच्यातील पहिली समजूतच कष्टाने जुळत असेल, तर पुढच्या वर्तनाचे मूळ टाळूच्या हाडात शोधायचे की त्या रात्रींमध्ये, हे ठरवणे कठीण होते. शिवाय ‘शक्यता वाढते’ हे विधान समूहाविषयी असते. समोर बसलेल्या एका मुलाविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाही.

हा भेद विसरल्यावर काय होते, हे इतिहासाने दाखवले आहे. 1876 मध्ये इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोसो याने कवटीच्या व जबड्याच्या ठेवणीवरून ‘जन्मजात गुन्हेगार’ ओळखता येतो, असा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. भारतात त्याच्याही आधी, 1871 मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. तेथे कवटी मोजण्याचीही तसदी घेतली गेली नाही, जन्म पुरेसा ठरला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’मध्ये अशा जमातींच्या पिढ्या हजेरी देत वाढल्या. कायदा 1952 मध्ये देशभर रद्द झाला, पण त्यांतल्या एखाद्या पारध्याच्या पोराकडे पाहणारी नजर त्याबरोबर रद्द झाली नाही.

मुंबईलगतच्या मिरा-भाईंदरमध्ये शरीर आणि वृत्ती यांच्या नात्याच्या या प्रश्नाला वेगळी धार येते, कारण या शहरात जैन समाज मोठ्या संख्येने राहतो आणि कर्मसिद्धांताचे सर्वांत बारीक गणित जैन परंपरेनेच मांडले आहे. 2015 मध्ये जैनांच्या पर्युषण पर्वातील मांसविक्रीबंदीच्या महापालिकेच्या निर्णयावरून हे शहर देशभर गाजले. त्या गदारोळात ज्या तत्त्वज्ञानाचे हे पर्व, त्याच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही पंथांना मान्य असलेल्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील नामकर्म शरीराची घडण ठरवते. प्रमाणबद्ध ‘समचतुरस्र’ आकारापासून बेढब ‘हुंडक’ आकारापर्यंत सहा ‘संस्थाने’, म्हणजे शरीराच्या ठेवणी, त्याच्याच खात्यात येतात. क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय, म्हणजे आत्म्याला डागाळणारे विकार, मात्र मोहनीय कर्माच्या खात्यात पडतात. नामकर्म ‘अघाती’ आहे, म्हणजे ते आत्म्याच्या मूळ गुणांना बाधा आणत नाही. मोहनीय ‘घाती’ आहे. वाकडी टाळू आणि वाकडी वृत्ती यांची खाती या परंपरेने इतक्या काटेकोरपणे वेगळी ठेवली आहेत की, लोंब्रोसोला येथे उभे राहायलाही जागा मिळू नये.

तरीही परंपरेची अडचण झाकून चालणार नाही. अशुभ नामकर्माचे कारण म्हणून तीच परंपरा मन, वाणी व शरीर यांच्या कुटिल व्यवहाराकडे बोट दाखवते, त्यामुळे व्यंग असलेल्या मुलाच्या माथी पूर्वजन्मीचा दोष येतोच. सटवाईने नशीब लिहावे म्हणून पाचवी-सटवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडणाऱ्या, किंवा गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून ओठ दुभंगला असे आईला ऐकवणाऱ्या घरांतही हाच दोष वेगळ्या नावाने वावरतो. यावर सिद्धांताच्या आतूनच एक उत्तर निघते: शरीर हा जुन्या कर्माचा ‘उदय’ आहे, नवा ‘बंध’ मात्र आजच्या कषायांनी पडतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या एका प्रकरणाच्या मथळ्यातच कर्मविपाकाशेजारी आत्मस्वातंत्र्य ठेवले, ते उगीच नव्हे. जे भोगायला आले आहे, त्यावरून पुढे काय केले जाईल याचा निवाडा देणे हा वैद्यकाच्या नावाने केलेला असो वा धर्माच्या, हिशेबातील घोटाळाच होय.

हा घोटाळा आता कायद्याच्या दाराशीही येऊ शकतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार, 16 वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास, तो गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण बाल न्याय मंडळाला प्राथमिक पातळीवर तपासावी लागते. ‘शारीरिक क्षमता’ या शब्दांत उद्या कोणी टाळूची उंची मोजू लागला, तर त्याला तेथेच थांबवले पाहिजे. त्या मोजमापाची जागा बाळाच्या आरोग्यपत्रिकेत आहे. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांची तपासणी होते आणि पुढचे उपचार विनामूल्य मिळतात. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची दीड वर्षाच्या आत करतात, म्हणजे मूल बोलू लागेपर्यंत तोंडाचे छत बंद झालेले असते.