बोंड फोडून पाहावे

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्या खानदेशातील कपाशीची काय दशा केली, ते भडगावला सांगायला नको. अळी कोवळेपणीच बोंडात शिरते, छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. नुकसान कळते ते वेचणीला. म्हणून जाणता शेतकरी आधीच दर आठवड्याला काही हिरवी बोंडे फोडून पाहतो.

मनाचेही असेच. दारू, चोरी ही पापे उघड दिसतात. पण भावाशी बांधावरून चाललेला वाद आम्ही ‘न्यायासाठी’ लढतो असे म्हणतो, तेव्हा ते बोंड कोण फोडणार?

१५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी होऊन संत इग्नाती अंथरुणाला खिळले. दरबारी पराक्रमाची स्वप्ने त्यांना गोड वाटत, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र मागाहूनही आनंद ठेवून जाई. हा मागाहूनचा फरक त्यांनी ओळखला.

आम्हीही रात्री मोबाइल बाजूला ठेवून त्या वादाकडे असे पाहिले. खरे सांगायचे, तर दोन्ही वेळा कोरडेपणाच उरला. मोजणीचा अर्ज अजून खिशात आहे.