भीती मागे घेता येते का?

दोन वर्षांपूर्वी मी एक वाक्य लिहिलं. कर्ज देणाऱ्या एका ॲपमधून हप्ता चुकलेल्या माणसाला जाणारा मेसेज. खरं तर ते माझं काम नव्हतं, मी बॅकएंडवाला. पण मेसेज लिहिणारी मुलगी सुट्टीवर होती आणि रिलीज त्याच रात्री होतं. मी दोन मसुदे दिले. एक सभ्य. दुसऱ्यात 'पुढील कारवाई' हे शब्द होते. कसली कारवाई, ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. अर्ध्या लोकांना पहिला पाठवला, अर्ध्यांना दुसरा. दुसऱ्यावर हप्ते जास्त आले. टीममध्ये पिझ्झा झाला.

ही न सांगण्याची युक्ती मी कुठून उचलली ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या दिवसांत रोज रात्री पीजीच्या खोलीत मी स्टीफन किंग वाचत होतो. बंद दारामागचं जे दिसत नाही ते दार उघडल्यावर दिसणाऱ्या राक्षसापेक्षा भयंकर असतं, हा मुद्दा त्याने 'डान्स मकाबर'मध्ये सविस्तर मांडलाय.

किंगकडे मी नारायण धारपांच्या वाटेने गेलो. 'तुंबाड' पाहिला, मग कळलं की त्याचा एक धागा धारपांच्या 'आजी' या कथेत आहे आणि 'आजी' किंगच्या 'ग्रॅमा'वर बेतलेली आहे. म्हटलं, थेट उगमालाच जाऊ.

उगम फारसा गूढ निघाला नाही. 1947 साली अमेरिकेतल्या मेन राज्यात जन्म. पोरगा दोन वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला तो कायमचा. पुढे नातेवाइकांच्या माळ्यावर त्याच बापाच्या जुन्या पुस्तकांची पेटी सापडली, त्यात लव्हक्राफ्ट होता. बापाने मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे ही भीती. मग लाँड्रीत नोकरी, शाळेत मास्तरकी, ट्रेलरच्या घरात कपडे धुण्याच्या खोलीत बसून टंकलेखन. 'कॅरी'ची पानं त्याने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, ती बायकोने, टॅबिथाने, बाहेर काढली. लिहीत असताना रोज सुमारे 2000 शब्द, ख्रिसमसलाही आणि वाढदिवसालाही. वाढदिवसाला सुट्टी घेतो असं तो मुलाखतींत सांगायचा. ती थाप होती हे 'ऑन रायटिंग'मध्ये त्याने स्वतःच कबूल केलंय. 1999 मध्ये व्हॅनने उडवलं, कंबरेचं हाड मोडलं, तरी पाचेक आठवड्यांत तो परत टेबलाशी होता. थोडक्यात, भीती हे त्याचं रोजचं काम. आपलं स्टँडअप असतं तसं.

मी अडकलो ते त्याच्या दोन पुस्तकांपाशी.

पहिलं 'पेट सिमेटरी'. किंग कुटुंब भाड्याने राहत होतं त्या घरासमोरून ट्रकचा रस्ता जायचा. मुलीची मांजर त्या रस्त्यावर मेली. नंतर लहानगा मुलगा त्याच रस्त्याकडे पळाला आणि थोडक्यात वाचला. वाचला नसता तर काय, हे किंगने लिहून काढलं आणि स्वतःच इतका घाबरला की हस्तलिखित बाजूला ठेवून दिलं. शेवटी प्रकाशकाचं एक पुस्तक देणं बाकी होतं म्हणून 1983 मध्ये ते बाहेर आलं. त्याच्या सर्वात वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी ते एक ठरलं. त्यामुळे कुणाचं काही वाईट झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

दुसरं 'रेज'. शाळेत असतानाच सुरू केलेलं आणि 1977 मध्ये रिचर्ड बाकमन या टोपणनावाने छापलेलं. एक विद्यार्थी बंदूक घेऊन वर्गात येतो, शिक्षकांना मारतो, वर्गाला ओलीस धरतो. लेखक म्हणून किंगला त्यात घाबरण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पण अमेरिकेतल्या शाळांमध्ये खरोखर बंदुका निघू लागल्या आणि एकाहून जास्त मुलांच्या बाबतीत हे पुस्तक पुढे आलं. डिसेंबर 1997 मध्ये केंटकीतल्या एका शाळेत तीन मुली मारल्या गेल्या. गोळ्या झाडणाऱ्या मुलाच्या लॉकरमध्ये 'रेज'ची प्रत होती. त्यानंतर किंगने प्रकाशकाला सांगून पुस्तक बाजारातून काढून घेतलं. कायद्याने सांगितलं नव्हतं, कोर्टात कुणी खेचलं नव्हतं. 2013 च्या 'गन्स' या निबंधात त्याचं म्हणणं साधारण असं आहे: ही मुलं माझ्या पुस्तकामुळे बिघडली नाहीत, ती आधीच मोडलेली होती, पण आधीच धुमसणाऱ्या ठिकाणी माझं पुस्तक तेल ठरू शकतं, म्हणून ते नको. त्याच निबंधात तो स्वतःकडे बंदुका असल्याचंही सांगतो.

आमच्या धंद्यात काही पडलं की 'रूट कॉज' शोधतात. तो सापडला की बाकीचे सगळे सुटतात. किंगचा हिशेब वेगळा आहे. रूट कॉज मी नाही हे तो ठासून म्हणतो आणि तरीही रोलबॅक करतो. दोष नाही, पण हात काढून घेणं माझ्याकडे आहे, एवढंच. मला हे आधी पटलं नव्हतं. मग 'द शायनिंग'मधला बायकापोरांच्या जिवावर उठलेला बाप का ठेवला? उद्या कुणी कुठल्याही पुस्तकाकडे बोट दाखवेल, तेव्हा काय करणार? शिवाय 1997 मधल्या किंगला एक पुस्तक कमी झाल्याने काय फरक पडणार होता! जुन्या प्रती तर अजून चढ्या किमतीला विकल्या जातात. हे सगळे आक्षेप मला आजही खरे वाटतात. फक्त आता मला हेही दिसतं की मी ते इतक्या हिरिरीने का मांडत होतो.

मेसेज सुरू झाल्यावर तीनेक आठवड्यांनी सपोर्टला एक उत्तर आलं होतं. 'हा फोन माझी आई वापरते. पोलीस येणार असं समजून ती रात्रभर बसून होती. हप्ता भरतोय, पण असं परत पाठवू नका.' मी ते लीडला दाखवलं. तो चांगला माणूस आहे, माझ्या बहिणीच्या लग्नाला आला होता. त्याने विचारलं, "मेसेजमध्ये पोलीस शब्द आहे का?"

नव्हता.

"मग हप्ता कुणी चुकवला?"

रूट कॉज सापडला. भयकथा वाचणारा पैसे देऊन घाबरायला येतो, नको झालं की पुस्तक मिटतो. त्या बाईंनी काहीच उघडलं नव्हतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं, पण मी बोललो नाही. फ्लॅटचा पहिला हप्ता त्याच महिन्यात सुरू झाला होता. तो दुसरा मसुदा बंद करायला कॉन्फिगमधली एक ओळ बदलायची होती आणि तिथे जायची परवानगी माझ्याकडे होती.

सहा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली, पगारासाठी. परवा तिथल्या एका मित्राला सहज विचारलं. मेसेज अजून जातो म्हणाला. आता सात भाषांत.