रोजची भाकरी कोणाच्या हातची?

महाराष्ट्रात ३१ मे या तारखेला निवृत्त होणाऱ्यांची संख्या मोठी असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. त्या दिवशी जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत, आगारांत, जिल्हा परिषदेत शाल-श्रीफळाचे कार्यक्रम होतात, प्रत्येक वक्ता ‘आता आराम करा’ असं सांगतो आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस हार घेऊन घरी येतो. घरी त्याची बायको असते. मे महिन्यात खानदेशात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत असतात, आणि गॅसची आच हलू नये म्हणून स्वयंपाकघरातला पंखा बंद असतो. त्या बंद पंख्याखाली ती उद्याही उभी राहणार असते, परवाही. मुलं पुण्या-मुंबईला गेली, घरात माणसं दोनच उरली, तरी तिचं काम संपत नाही. फक्त कणीक कमी मळावी लागते.

निवृत्तीनंतर घरच्यांसाठी स्वयंपाक हाती घेतलेले पुरुष आता आमच्याकडे अधूनमधून भेटतात. मीही त्यांतलाच एक. पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला आणि ती हिंडू-फिरू लागल्यावरही माझ्याकडेच राहिला. अशा पुरुषांचं कौतुक फार होतं. पाहुणे येतात, ‘वा, भाऊ स्वतः करतात!’ म्हणतात, चाळीस वर्षं करणाऱ्या वहिनींना तसं कोणी म्हणत नाही. मला वाटतं, या कौतुकामुळेच एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. पुरुषांना स्वयंपाक येतो की नाही, हा खानदेशात कधी प्रश्नच नव्हता. रोजचा स्वयंपाक कोणी करायचा, हा प्रश्न आहे, आणि तो अजून जिथल्या तिथे आहे.

आमच्याकडची भरीत पार्टी पाहिलेल्या कोणालाही हे पटेल. हिवाळ्यात नवी वांगी निघाली की शेतात बेत ठरतो. पांढरट हिरवी, हाताच्या पंजाएवढी आणि त्याहूनही मोठी वांगी. २०१६ मध्ये जळगावच्या या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांचा जाळ करून त्यात ती भाजायची. साल काळी पडून सुटू लागली की सोलायची. हिरवी मिरची आणि लसूण वेगळा भाजून कुटायचा, मग वांगी लाकडी भांड्यात घालून घोटायची, तेलात शेंगदाणे, खोबरं, पातीचा कांदा परतून त्यावर ओतायचं. जाळ कोण सांभाळतं? पुरुष. तिखटाचा अंदाज कोण घेतं? पुरुष. शंभर माणसांचं वरण-बट्टीचं जेवणही आमच्या गावांतले पुरुष बिनबोभाट उरकतात. बट्टी आतपर्यंत भाजली गेली की नाही हे त्यांना हातात घेताच कळतं. डिसेंबर २०१८ मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात अडीच हजार किलो वांग्यांचं भरीत केलं, तेव्हा सारं शहर बघायला आणि चाखायला लोटलं होतं. मला त्या दिवसाचा अभिमानच वाटतो. पण त्याच माणसांपैकी किती जणांनी मंगळवारी संध्याकाळी, काही निमित्त नसताना, चार माणसांची आमटी टाकली असेल?

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात याचं उत्तर आहे. २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. त्यातही हे ९७ फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे. असे पुरुष शंभरात सव्वीसच होते, आणि स्वयंपाक करणारे तर जेमतेम सहा. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, स्त्रियांचा आकडा २८९ झाला आणि पुरुषांचा ८८. म्हणजे स्त्रियांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचललेली नाहीत. त्यांचीही नऊ कमीच झाली.

हातानं करून खाणारे पुरुष आपल्या इतिहासात कमी नाहीत. धुळ्यात १९२६ मध्ये ज्यांचा देह पडला ते इतिहासाचार्य राजवाडे हातानं रांधून खात. विनोबा ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना पहिल्यांदा भेटले, तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते आणि त्यांनी या वीस वर्षांच्या तरुणाच्या हातीही सुरी दिली. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात याच विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. निष्काम कर्माचा तो विचार आमच्याच मातीत सांगितला गेला, याचं मला फार मोल वाटतं. तरीही राजवाडे काय किंवा विनोबा काय, ही व्रतस्थ माणसं. ती स्वतःपुरतं रांधत किंवा आश्रमाचा नियम म्हणून. संसारी माणसानं बायको, सून, नातवंडं, म्हातारी आई यांच्या आवडीनिवडी, पथ्यं आणि वेळा सांभाळून रोज करणं ही निराळी साधना आहे, आणि ती करणाऱ्या आमच्या आयांना आणि आज्यांना साधक म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

रोजच्या स्वयंपाकाचं खरं ओझं चुलीपाशी नसतंच. ‘आज भाजी काय करायची?’ या प्रश्नाशी ते सुरू होतं. कालची मेथी आज संपवायला हवी, नाहीतर पिवळी पडेल. आईला दात नाहीत, म्हणून तिच्यासाठी भाकरी दुधात कुस्करायची. तुरीची डाळ तळाला गेली. कळण्याचं पीठ संपत आलं, दळण टाकायला हवं. हे सगळं बायकोनं डोक्यात ठेवायचं आणि पुरुषानं तिनं सांगितलेलं फोडणीला टाकायचं, याला स्वयंपाक हाती घेणं म्हणता येणार नाही. ओट्यापाशी उभं राहून ‘हळद कुठेय?’, ‘मीठ किती?’ असं विचारत राहिलं, तर ती बाहेर बसलेली असली तरी कामावरच असते.

कळण्याचंच घ्या. ज्वारी आणि सालीसकट काळे उडीद एकत्र दळायचे, मीठही दळणातच टाकायचं. ज्वारीला उडीद किती, हे घरागणिक वेगळं. कोणी मेथीदाणेही घालतं. आमच्या घरचं माप माझ्या आईकडून पत्नीकडे आलं होतं आणि मला ते कधी माहीत नव्हतं, कारण मला ते माहीत असण्याची गरज आहे असं कोणालाच वाटलं नाही. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं तर चिरा पडतात आणि भाकरी फुगत नाही. मी थापत असताना पत्नी बाहेरच्या खोलीतून, न बघता, नुसत्या थापण्याच्या आवाजावरून सांगते, ‘पीठ घट्ट झालंय, पाण्याचा हात लावा.’ आणि ते खरं असतं. हे ज्ञान चार दशकांच्या कामातून आलेलं आहे. कारखान्यात असं ज्ञान असलेल्या माणसाला लोक उस्ताद म्हणतात, त्याच्या हाताखाली शिकायला मिळालं तर भाग्य समजतात. साठीनंतर शिकणाऱ्याला हा उस्ताद घरातच असतो. मात्र त्याच्यासमोर शिष्य म्हणून बसायची तयारी लागते. नवऱ्यानं बायकोकडून उघडपणे काही शिकणं आमच्या पिढीला नवं आहे. माझ्या मते या साऱ्या प्रकारात सर्वांत मोलाचं काही असेल तर तेच.

दुसऱ्या बाजूनं अडचण आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुष्कळ बायकांना स्वयंपाकघर सोडवत नाही. घराचे व्यवहार नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्यांच्या नावावर. तिचा शब्द चालला तो एवढ्याच खोलीत. कोणाला किती वाढायचं, सणाला काय करायचं, कानबाईच्या रोटांची तयारी कधी करायची, हे ती ठरवत आली. आता नवरा येऊन मसाल्याचे डबे हलवू लागला तर तिला आपलं राज्य गेल्यासारखं वाटणारच. म्हणून नुसता स्वयंपाक घेऊन भागणार नाही. बँकेचं पासबुक, शेतीचा हिशेब, बाहेरचे निर्णय यांत तिचा शब्द चालायला हवा. एका खोलीतला अधिकार सुटला तर बाकीच्या घरातला मिळाला पाहिजे.

निवृत्तांना नेहमी एक सल्ला दिला जातो: स्वयंपाक शिकून ठेवा, उद्या बायको गेली तर हाल होतील. सल्ला व्यवहाराचा आहे, पण मला तो पटत नाही. त्यात पुन्हा पुरुषाच्याच पोटाची काळजी आहे. ती असतानाच तिच्यासाठी का करू नये? आमच्याकडे भाकरी करणारी बाई शेवटी जेवते. सगळ्यांना तव्यावरची गरम भाकरी वाढून झाली की ती टोपलीतली, वाफ गेलेली भाकरी घेऊन बसते. शेवभाजीत शेव ऐनवेळी घालतात, म्हणजे ती कुरकुरीत राहते. करणारीच्या ताटात येईपर्यंत त्या शेवेचा लगदा झालेला असतो. लग्नानंतर तव्यावरून थेट ताटात आलेली भाकरी माहेरपणाला, आखाजीला गेल्यावरच खायला मिळाली, असं सांगणाऱ्या कितीतरी बायका मला ठाऊक आहेत. त्या भाकरीचं देणं आपल्यावर आहे, आणि ते ती ताटावर बसलेली असतानाच फेडता येतं.

हे लिहिताना मला पेन्शन नसलेली घरं दिसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी करणारी बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, डबा बांधते आणि उजाडता उजाडता शेताची वाट धरते. संध्याकाळी परत आल्यावर चूल पुन्हा तिचीच. नवराही त्याच शेतात राबून आलेला असतो, पण तो ओट्यावर टेकतो. अशा घरात साठीनंतरची निवृत्ती कोणालाच नाही, त्यामुळे तिथे निवृत्तीची वाट बघायला सांगण्यात अर्थ नाही. तिथे मुलालाच दहाव्या-बाराव्या वर्षी परातीपुढे बसवावं लागेल. आणि तो बसेल केव्हा, तर बापाला किंवा आजोबाला तसं बसलेलं त्यानं पाहिलं असेल तेव्हा. म्हणूनच पेन्शनीत निघालेल्या माणसाचा हात पिठात असणं ही मला खाजगी बाब वाटत नाही.

यंदा निवृत्त होणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. रविवारच्या खास पदार्थापासून सुरुवात करू नका. संध्याकाळचं एक जेवण पूर्ण आपल्याकडे घ्या: काय करायचं ते ठरवण्यापासून भाजी आणणं, निवडणं, रांधणं, वाढणं आणि शेवटी ओटा पुसून उद्याचे मूग भिजत घालण्यापर्यंत. घरच्या कळण्याचं माप विचारून वहीत लिहून ठेवा आणि मुलाला व सुनेला दोघांनाही पाठवा. आणि पहिली भाकरी फुगली की ती तिच्या ताटात वाढा.